पाँपेईत अर्धा तास आधी

नापोली, १४ मे

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

चौदाही माणसं सामानासकट नापोलीच्या हॉटेलात सुखरूप पोचली. ही बातमी पक्की आहे, कारण मी मोजून झाल्यावर हिगुची-साननी पुन्हा मोजलं. म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरच्या, बिल्डिंगच्या कचऱ्याच्या जागेच्या प्रमुख. मी सगळ्यांच्या पत्रपेट्यांत सहलीची पत्रकं टाकली होती, त्यातून ‘येते’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. त्यांच्या यजमानांना चीजचा वास सोसत नाही, म्हणून ते ओजिमातच राहिलेत.

यतीनने तुम्हाला सांगितलं नसेल, तुम्हाला काळजी नको म्हणून. पण तुम्ही जालन्याहून एवढ्या लांब जपानला अनयाला सांभाळायला आलात म्हणून मला इथे येता आलं, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या सहलीच्या कंपनीत मी अजून कायम नाही. गट घेऊन निघायची ही पहिलीच वेळ. शेवटच्या दिवशी प्रत्येक प्रवासी अभिप्राय लिहून बंद पाकिटात देतो आणि ती पाकिटं थेट आमच्या साहेबांकडे, कुबो-सानकडे जातात. ती वाचून कुबो-सान ठरवणार, मला कायम करायचं की ‘आजवर मदत केलीत, आभारी आहोत’ म्हणून वाकून नमस्कार करायचा. तसा नमस्कार मी ऑफिसात एकदा पाहिलाय. फार खोल असतो.

या आठवड्यात कचऱ्याच्या जागेची पाळी आपल्या घराची आहे. शुक्रवारी आणि मंगळवारी जळणारा कचरा. सकाळी लोक पिशव्या आणून ठेवतात, त्यांवर कावळ्यांपासून टाकायची जाळी बाहेर काढून ठेवायची, गाडी कचरा घेऊन गेली की जाळी घडी करायची आणि जागा झाडून पाणी मारायचं. एवढंच. जास्त काही करू नका.

उद्या पाँपेई. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं आणि आता उकरून काढलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं शहर. शेवटी सगळ्यांना मोकळं फिरायला वेळ द्यायचा आहे आणि मग एका जागी गोळा करायचं आहे. मला त्याचीच धास्ती आहे. तुम्ही महिला मंडळाच्या बसभर बायका अजिंठ्याला नेऊन परत आणायचात. कशा हो आणायचात?

तुमची,
वैभवी

—

ओजिमा, १५ मे

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. कोपऱ्यात अंगठा आलाय तो माझाच.

अनया शाळेतून आली, जेवली, हे मी खात्रीने सांगते. यतीन जेवला की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. तो कानात यंत्र घालून सकाळपासून भिंतीशी इंग्रजीत बोलतोय. मी अनयाला मराठीत विचारते, ती मला जपानीत उत्तर देते, आणि आमचं छान चाललंय.

बायका गोळा करायला एकच उपाय आहे. साडेनऊला निघायचं असेल तर नऊ सांगायचं. खरी वेळ आपल्या पोटात ठेवायची. मी इतकी वर्षं मंडळाची अध्यक्ष होते, पण खरी वेळ एकीलाही कधी कळली नाही. पाटणकरबाईंना तर मी तासभर आधीची सांगायची. त्या बरोबर वेळेवर यायच्या आणि वर म्हणायच्या, ‘बघा, मी कधी उशीर करत नाही!’ तू डोळे मिटून अर्धा तास आधीची वेळ सांग आणि निवांत चहा पी.

आता माझं एक काम. तू पाँपेईला चाललीस हे मी भोकरदनला नंदकिशोरला फोन करून सांगितलं. तुझ्या या मामेसासऱ्याला शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतिहास शिकवायला कुणी सापडत नाही, म्हणून तो फोनवर शिकवतो. तो म्हणाला, ‘ताई, त्या गावात आपली बाई सापडलीय.’ वीतभर उंचीची, हस्तिदंताची. राखेखालच्या एका घरात निघाली. तशाच मूर्तीचा तुकडा आपल्या भोकरदनच्या खोदकामात मिळाला, म्हणून जाणकार म्हणतात की ती आपल्याकडून गेली असावी. तिकडे तेर गावातही जुनं खोदकाम झालंय, तिथले लोक म्हणतात ती तेरची. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

माझ्या माहेरची बाई इतक्या लांब राहतेय. दोन हजार वर्षांत कुणी तिची ओटी भरली असेल असं मला वाटत नाही. तुझे सासरे गेल्यापासून माझ्या हातून चालत नाही म्हणतात, तर तू भर. तुझ्या बॅगेत तळाशी खण आणि सुपारी ठेवली आहे. तांदूळ काढून घेतले. विमानतळावर अडवतील म्हणून यतीनने कटकट केली.

कचऱ्याची जागा मी आजच जाऊन बघितली. आपल्या दारची ती जागा, फार ओशाळवाणी दिसत होती. घासून धुतली. उद्या आणखी नीट करीन.

तुझी,
आई

—

नापोली, १५ मे, संध्याकाळ

ती. आईंना सा. न.

पाँपेई झालं. चौदाही माणसं परत आली. सगळं छान झालं.

तुम्ही हव्या होतात, आई. पडकं गाव बघायला चाललो असं वाटत होतं, पण ते नुसतं सकाळी कुठेतरी गेलेलं गाव वाटतं. रस्ते दगडी, दोन्ही बाजूंना उंच पदपथ. रस्त्यात पाणी आणि घाण वाहायची, म्हणून ओलांडायला मध्ये मोठाले दगड बसवलेत, आपण पावसाळ्यात अंगणात विटा टाकतो तसे. दगडांच्या मधून गाड्यांची चाकं जायची, त्यांच्या चाकोऱ्या अजून आहेत. आमच्यातले तानाबे-सान रेल्वेतून निवृत्त झालेत. ते त्या चाकोऱ्यांपाशी उकिडवे बसले आणि चाकांमधलं अंतर हाताने मोजत राहिले. ‘समोरून दुसरी गाडी आली तर काय करत?’ असं त्यांनी तिथल्या गाइडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बरेच रस्ते एकेरी असावेत. तानाबे-सानच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बस!

कोपऱ्याकोपऱ्यावर खाण्याची दुकानं. मिसळीच्या हॉटेलात रश्श्याची पातेली मांडलेली असतात ना, तसे दगडी ओट्यात माठ पुरलेले. रस्त्यावरूनच मागायचं, उभ्याने खायचं. भट्टीत पाव करायचे ते दुकान पाहिलं. बाहेर पीठ दळायची दगडी जाती, माणसापेक्षा उंच वाटावीत अशी. भिंतींवर निवडणुकीची रंगवलेली आवाहनं. अमक्याला निवडून द्या, तो भला माणूस आहे. वाचून सगळे हसले. निवडणूक झाली असेल का, असं एक आजी मला हळूच म्हणाल्या.

हिगुची-सानना गाव तितकंसं पटलं नाही. ‘कचरा कुठे टाकत?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. गाइडबाई म्हणाल्या, ‘बराचसा रस्त्यावर.’ ‘पाळी नव्हती का?’ ‘तशी नोंद नाही.’ त्यानंतर हिगुची-सान प्रत्येक चौकात थोडं थांबून, मान हलवून पुढे जात होत्या.

तुमची युक्ती वापरली. बस साडेचारला होती, मी चार सांगितलं. सगळे फार लवकर जमले. ऊनही चांगलं होतं.

भोकरदनची बाई इथे नाही, नापोलीच्या म्युझियममध्ये ठेवलीय. तिथे आम्ही रविवारी जाणार आहोत. ओटीचं बघू, काचेत असेल.

तुमची,
वैभवी

—

ओजिमा, १६ मे

चि. वैभवीस आशीर्वाद.

कालची बातमी अशी : चौदा म्हातारी माणसं पाँपेईच्या चौकात उन्हात दोन-दोनच्या रांगेत उभी होती, आणि ही बातमी खुद्द हिगुचीकाकांनी दिली आहे.

सकाळी ते दारात आले. ते मोबाइलमध्ये जपानी बोलतात आणि मोबाइल माझ्याशी हिंदी बोलतो, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. मोबाइल म्हणाला, ‘मेरी पत्नी कल धूप में खड़ी थी। वह शिकायत नहीं कर रही है।’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ‘शिकायत बिल्कुल नहीं है।’ तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी काय ते समजले.

तू चार सांगितलंस, म्हणून ही माणसं चारच्या आधीच येऊन उभी राहिली. साडेचार वाजत आले तेव्हा तू आलीस. तुझ्या हातात कॉफीचा कप होता. होता का नव्हता, खरं सांग. तू त्यांना म्हणालीस, ‘वा, सगळे वेळेवर!’ आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. एक आजी बसमध्ये चढताना पायरीवर जरा बसल्या, एवढंच. काकांच्या बायकोने घरी फोन करून यांना विचारलं, ‘भारतात चार म्हणजे कधी असतं?’ आता याचं उत्तर मी काय देऊ, मोबाइलला हिंदीत?

चूक माझी आहे. मंडळाच्या बायकांची वेळ मी भलत्याच बायकांना दिली. पण तू मला ‘सगळं छान झालं’ असं लिहिलंस, ते बरं नाही केलंस. पाकिटात आता ते काय लिहितील, आणि तुझे साहेब काय वाचतील? मला दुपारी झोप लागली नाही. माझ्या एका शहाणपणापायी तुझी नोकरी गेली तर मी जालन्याला काय तोंड घेऊन जाऊ?

इकडे मात्र आनंद आहे. आज पाळीचा पहिला दिवस. मी पहाटे जागा पुन्हा धुतली, शेजारी जाळी ठेवली, आणि गाडी येईपर्यंत वर जाऊन चहा घेतला. खाली येऊन बघते तर एकही पिशवी नाही! लोक इतके समजूतदार असतील असं वाटलं नव्हतं. जागा स्वच्छ ठेवली की माणसाला घाण टाकायची लाज वाटते, हे मी मंडळात सांगून सांगून थकले. इथे न सांगता कळलं. गाडीवाला आला, त्याने बघितलं, टोपी काढली, आणि रिकामा गेला.

तुझी,
आई

—

नापोली, १७ मे, सकाळ

ती. आईंना सा. न.

कप होता.

गाइडबाईंनी आग्रह केला आणि मी म्हटलं, अजून खूप वेळ आहे, कुणी आलेलं नसेल. चौकात सावलीचं एक झाड नाही. मी कोपऱ्यावरून वळले तर समोर रांग, आणि मागे तो ज्वालामुखी. मी ‘वा, वेळेवर!’ म्हटलं कारण दुसरं काही सुचेचना. त्यांनी मला रागावून काही म्हटलं असतं तर मी तिथेच माफी मागितली असती. पण ते नुसते हसले आणि बसमध्ये चढले. तुम्हाला लिहिताना हात आखडला. वाटलं, न लिहिलं तर झालंच नाही.

पण आई, तुम्हीही मला सगळं लिहिलेलं नाही.

आज नाश्त्याला हिगुची-सान माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या सासूबाई फार सुंदर चित्र काढतात.’ मी म्हटलं, ‘कसलं चित्र?’ त्या म्हणाल्या, ‘कमळाचं. आमच्या यजमानांनी फोटो पाठवलाय. सगळी बिल्डिंग कौतुक करतेय.’ जपानमध्ये इतकी वर्षं काढून मला एवढं कळतं की कचऱ्याची प्रमुख बाई सकाळी सातला कौतुक करायला येत नाही.

आई, तुम्ही कचऱ्याच्या जागेवर रांगोळी काढलीत!

लोक समजूतदार झाले नाहीत. पिशव्या घेऊन खाली आले, कमळ बघितलं, त्यावर कचरा कसा ठेवायचा म्हणून उभे राहिले, आणि पिशव्या घेऊन परत वर गेले. पाच मजल्यांचा शुक्रवारचा कचरा सगळ्यांच्या घरांत आहे. त्यात मासेही आहेत. आता मंगळवारपर्यंत गाडी नाही. हिगुचीकाका तुमच्याकडे सकाळी आले ते नुसते उन्हाची बातमी द्यायला आले नसणार. रांगोळीचं कसं सांगावं ते त्यांना कळलं नसेल, म्हणून बायकोचं सांगून गेले.

कृपा करून पुसा. आणि मला एक सांगा, मी आता काय करू? बोलणं काढलं तर विषय वाढेल. नाही काढलं तर पाकिटात जाईल. काल कुबो-सानचा निरोप आला, ‘सगळं वेळेवर चाललंय ना?’ ते नेहमीच असं विचारतात. तरी माझ्या हातून फोन पडला.

तुमची,
वैभवी

—

ओजिमा, १७ मे, रात्रीची जेवणं झाल्यावर

चि. वैभवीस आशीर्वाद.

पुसली.

झाडून धुतलेल्या जागेवर रांगोळी काढायची नाही, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीला लागेल म्हणून पुडी आणली होती, वाटलं चार रेघा काढाव्यात. चार रेघांचं कमळ कधी झालं कळलं नाही.

मी अनयाला विचारलं, तुमच्याकडे माफी कशी मागतात? ती म्हणाली, वाकायचं, कारण सांगायचं नाही, आणि खाऊ न्यायचा. हे मात्र तिने मराठीत सांगितलं. मी बेसनाचे लाडू केले. प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात बांधायला लावला तिने, नाहीतर घेणार नाहीत म्हणाली. मग आम्ही दोघी पाचही मजले फिरलो. दार उघडलं की मी वाकायची, अनया काहीतरी बोलायची, समोरचा माणूस माझ्यापेक्षा जास्त वाकायचा. माफी मी मागत होते की तो, तेच कळेना. दारातून माशांचा वास येत होता. कुणी नाक मुरडलं नाही.

चौथ्या मजल्यावर मराठी बिऱ्हाडातली, अनुपची बायको सोनल. पुण्याची मुलगी! तिच्याही दारात पिशवी. मी म्हटलं, ‘अगं, तू तरी मला सांगायचंस!’ तर म्हणते, ‘काकू, इथे कुणी बोलत नाही, म्हणून मीही बोलले नाही. आणि लक्ष्मीच्या कमळावर कांद्याची सालं कशी ठेवू?’ मी तिला दोन लाडू जास्त दिले.

शेवटी हिगुचीकाका. मी वाकले, लाडू दिला. त्यांनी तिथेच खाल्ला. मग मोबाइल बाहेर काढला, बराच वेळ बोलले, आणि मोबाइल म्हणाला, ‘फूल को बगल में बनाइए। बीच में मत बनाइए।’ बाजूला काढा, मध्ये नको. म्हणजे त्यांना फूल हवंच आहे. एवढं एक वाक्य शुक्रवारी बोलले असते तर!

तेव्हा तूही तेच कर. कारण सांगू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, भारतात वेळ कशी असते ते तर मुळीच सांगू नकोस. सरळ वाक. आणि ओटी विसरू नकोस.

तुझी,
आई

—

नापोली, १८ मे

ती. आईंना सा. न.

सकाळी बस सुटायच्या आधी मी पुढे उभी राहिले, कमरेतून वाकले आणि म्हटलं, पाँपेईत तुम्हाला उन्हात उभं ठेवलं, चूक माझी होती. कारण सांगितलं नाही. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. तानाबे-सान तेवढे म्हणाले, ‘ऐकलं.’ मग आम्ही म्युझियमला गेलो.

आता आई, एक गोष्ट आधीच सांगते, कारण हिगुची-सान काकांना सांगणारच. तुमच्या माहेरची बाई ज्या खोलीत ठेवलीय त्या खोलीत पाँपेईतल्या बाकीच्या ज्या वस्तू आहेत, त्या तुम्हाला पत्रात सांगता येणार नाहीत. दाराशी वेगळी सूचना आहे. आमचे तिन्ही पुरुष आत शिरले आणि छताकडे बघत उभे राहिले. आजी मात्र एकेक काच नीट वाचत, एकमेकींना कोपराने ढोसत पुढे गेल्या.

आणि मग ती दिसली. वीतभरच आहे. अंगावर कपडा म्हणाल तर नाही, पण मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात हार, पायात वाळे, आणि दोन बाजूंना दोन छोट्या सख्या. एक हात मागे नेऊन केसांशी काहीतरी करतेय. लग्नघरात आरशासमोर जागा मिळवलेली बाई असते ना, अगदी तशी उभी आहे.

माझ्या तोंडून गेलं, ‘ही माझ्या सासूबाईंच्या गावची.’

चौदा माणसं वळली. छताकडे बघणारेही वळले. मी म्हटलं, असं म्हणतात हं, नक्की कुणाला माहीत नाही; पण तिच्यासारखीचा तुकडा त्यांच्या भोकरदनला सापडलाय. तिथून बैलगाडीने घाट उतरून बंदरावर आली असेल, मग जहाजाने, मग उंटावरून, मग पुन्हा जहाजाने. पाँपेईत कुणाच्या तरी घरी राहिली, आणि मग राख पडली. हिगुची-सान काचेजवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि न वळता म्हणाल्या, ‘इतक्या लांब पोचली, म्हणजे हिला जहाजाची वेळ कुणीतरी खरी सांगितली असणार.’

आधी तानाबे-सान हसले, आणि मग सगळी खोली हसायला लागली, त्या खोलीत! रखवालदार धावत आला. त्याचा काय समज झाला असेल ते तुम्हीच समजा.

ओटीचं सांगते. काचेला हात लावू देत नाहीत. मी बाहेर पायऱ्यांवर हिगुची-सानना सांगितलं की सासूबाईंनी तिच्यासाठी कापड पाठवलंय, माहेरून आलेल्या बाईला असं द्यायचं असतं, पण आता देता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘मग तिच्या वतीने मी घेते. तुमच्या सासूबाई माझ्याच बिल्डिंगमधल्या आहेत.’ तांदूळ नव्हते. त्यांनी पिशवीतून जपानहून आणलेला तयार भाताचा डबा काढला. आई, शिजवलेला भात ओटीत चालतो का? मी चालवला, डबा बंद होता. नारळाच्या जागी समोरच्या गाड्यावरचं हे एवढं लिंबू. खण, सुपारी तुमची. त्यांनी गळ्यातला रुमाल सोडून दोन्ही हातांनी पसरला, अगदी बरोबर, जसं काही नेहमीचंच.

मग बाकीच्या आजी रांगेत उभ्या राहिल्या. खण एकच होता, म्हणून लिंबं घेतली, प्रत्येकीला एक. त्यात नवरा गेलेल्याही होत्या. मी कुणाला विचारलं नाही. तानाबे-सान पण रांगेत येऊन उभे राहिले, त्यांनाही दिलं.

तरी पाकिटाचं मला काही माहीत नाही. हसले म्हणून विसरले असं नसतं इथे.

तुमची,
वैभवी

—

ओजिमा, १९ मे

चि. वैभवीस आशीर्वाद.

भात चालतो. मी आत्ताच ठरवलं.

नवरा गेलेल्यांना विचारलं नाहीस, ते फार बरं केलंस. तुझे सासरे गेल्यावर चैत्रात मंडळातल्या बायका माझ्या हाताला हात न लावता हळदीकुंकवाचं ताट पुढे न्यायच्या. अध्यक्ष मीच होते. वेळ मीच सांगायची, आणि ताट मात्र माझ्यावरून जायचं. जाऊ दे.

खोलीची बातमी हिगुचीकाकांनी मला दिली. मोबाइल मध्येच बोलायचा थांबला. काका लाल झाले. मीही नंदकिशोरला सांगितलं नाही. तो मास्तर माणूस आहे. बाकी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, तेरच्या लोकांना कळव.’

पाकिटांचं काही कळलं की लगेच लिही. यतीनही विचारतोय. भिंतीशी बोलायचं थांबवून विचारतोय, म्हणजे बघ.

तुझी,
आई

—

रोम विमानतळ, २० मे

ती. आईंना सा. न.

पाकिटं माझ्या हातात आहेत, बंद. पण काल शेवटच्या जेवणाला हिगुची-सान उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वैभवी-सान, पाँपेईत वाट बघावी लागली, हे आम्ही सगळ्यांनी लिहिलंय. कारण ते घडलं.’ मी मान खाली घातली. त्या पुढे म्हणाल्या, ‘कागदावर शेवटी एक प्रश्न आहे, पुढच्या वेळी कुठे जायला आवडेल? तिथे आम्ही सगळ्यांनी एकच गाव लिहिलंय. त्याची अक्षरं बरोबर आहेत का, एवढं बघून सांगा.’

आणि रुमालावर लिहिलेलं नाव माझ्यापुढे धरलं. भोकरदन.

तानाबे-सानना तिथे रेल्वे आहे का ते हवंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. हिगुची-साननी हे सगळं रात्रीच आमच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, पाकिटांची वाट न बघता. त्या काही गोष्टींत फार तत्पर आहेत. आत्ता कुबो-सानचा निरोप आला. तसाच्या तसा लिहिते : ‘वाट बघायला लावल्याबद्दल लेखी खुलासा हवा. शुक्रवारी दहाला ऑफिसात या. भोकरदनला जवळचा विमानतळ कोणता? अजिंठा किती लांब? फेब्रुवारीत हवा कशी असते?’

कायम केलं असं त्यात कुठे नाही. मी चार वेळा वाचलं. तुम्हाला काय वाटतं?

उद्या सकाळी नारिताला उतरू. हिगुची-साननी तुमच्यासाठी लिंबाच्या आकाराचा साबण घेतलाय. खरं लिंबू विमानतळावर अडवतील, हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. स्वतःची लिंबं सगळ्यांनी काल सरबत करून संपवली. साबण तुमच्या पदरातच घालायचा म्हणतायत. मी त्यांना कसं ते दाखवून ठेवलंय. नाही म्हणू नका.

तुमची,
वैभवी

—

ओजिमा, २१ मे, सकाळ

चि. वैभवीस आशीर्वाद.

काल दोन खेपांचा कचरा एकदम गेला. गाडीवाल्याने पुन्हा टोपी काढली, या वेळी घाम पुसायला. कमळ बाजूला काढलं होतं. सगळ्यांनी पिशव्या त्याला वळसा घालून ठेवल्या. हिगुचीकाकांनी उभं राहून पाहिलं आणि मोबाइल न काढता मान हलवली. त्यांच्या बायको येऊन काय म्हणतात ते आज कळेल.

तुझ्या साहेबांनी हवा विचारली म्हणजे काम झालं. काढून टाकायच्या माणसाला कुणी हवा विचारत नाही. तरी शुक्रवारी दहाला बोलावलंय तर पावणेदहाला जा. आणि त्यांना सांग, विमानतळ संभाजीनगरचा, अजिंठा गाडीने दीड-दोन तास, फेब्रुवारीत हवा उत्तम, हरभरा सोललेला मिळेल. रेल्वे नाही, तानाबे-सानसाठी नंदकिशोर बैलगाडीच्या चाकोऱ्या दाखवील म्हणतोय.

त्याला मी कालच सगळं सांगितलं. तो इतका हुरळलाय की चौदा माणसांसाठी अंगणात मांडव घालतो म्हणाला, आणि खोदकाम जिथे झालं तिथे स्वतः घेऊन जाणार म्हणाला. पुरणपोळीचं मी बघते. तोवर मी जालन्याला परत गेलेली असेन. ओटी भरायला मी स्वतः दाराशी उभी राहीन, माझ्याच हाताने. बघू कोण काय म्हणतं.

साबण घेईन. पदरासाठी साडी धुतलेलीच नेसले आहे.

एकच लक्षात ठेव. फेब्रुवारीत त्यांना निघायची वेळ खरी सांगायची, मिनिटासकट. नंदकिशोरला मात्र मी अर्धा तास आधीची सांगते. मांडववाल्याला एक तास.

तुझी,
आई